रेंज फुल आहे, मग आवाज का तुटतो?

मी नेटवर्कचं काम करते हे कळलं की लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, आणि विचारणारे बहुतेक वेळा ते ज्यांची मुलं बाहेरदेशी आहेत. घरात फायबर आहे, रेंज फुल दाखवतंय, स्पीड टेस्टला १०० एमबीपीएस येतात, यूट्यूब एकदम झकास चालतं, मग व्हॉट्सॲपवर मुलाशी बोलताना आवाज का तुटतो? आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सगळं लिहून टाकते.

मुळात स्पीडचा यात फारसा संबंधच नाही. आवाजाला डेटा लागतो अगदी थोडा. बरीच कॉलिंग ॲप्स आवाज ओपस नावाच्या कोडेकने (आवाज दाबून लहान करायची आणि पलीकडे परत उलगडायची पद्धत) दाबून पाठवतात, तो २०१२ साली स्टँडर्ड झाला आणि त्याचा एक भाग स्काइपच्या कोडेकमधूनच आलाय (स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, पण त्यांचं हे काम अजून रोज वापरात आहे). बोलण्याच्या आवाजाला वीस-तीस केबीपीएस पुरतात, वर पॅकेटचा, म्हणजे ज्या छोट्या पाकिटांतून आवाज जातो त्यांचा, पत्ता-बित्ता धरला तरी एका बाजूचे पन्नासच्या आसपास. म्हणजे तुमच्या १०० एमबीपीएसचा एक कोपरासुद्धा भरत नाही.

लागतं काय, तर वेळेवर पोचणं. तुम्ही बोलता तेव्हा ॲप तुमच्या आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदाचे तुकडे करतं, म्हणजे सेकंदाला ५०, आणि एकेक तुकडा सुटा पाठवतं. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच भरून ठेवतं त्यामुळे मध्ये नेट दोन सेकंद अडखळलं तरी तुम्हाला कळतही नाही, पण कॉलमध्ये पुढचं वाक्य अजून कुणी बोललेलंच नसतं, ते आधी कुठून आणून ठेवणार? ॲप थोडं थांबून बघतं, तेही काही दहा-वीस मिलिसेकंद, फार तर शंभरेक, आणि तेवढ्यात तुकडा आला नाही तर तो गेला, नंतर आला तरी फेकूनच देतात. मग रिकामी जागा मागच्या आवाजावरून अंदाजाने भरतात, आणि असे अंदाज सलग करावे लागले की तो रोबोटसारखा आवाज येतो. त्यामुळे एक तुकडा १० मिलिसेकंदात, दुसरा २०० मध्ये, तिसरा परत १० मध्ये असं चाललं असेल तर स्पीड कितीही असू दे, बोलणं तुटणारच. ह्या मागेपुढे होण्याला आम्ही जिटर म्हणतो, आणि स्पीड टेस्टवर सगळे मोठा आकडा बघतात, जिटरकडे कुणी बघत नाही.

आता हे मागेपुढे होतं कुठे? बऱ्याच वेळा आपल्याच घरात, राउटर आणि फोनच्या मधल्या दहा-पंधरा फुटांत. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, मुलगी अमेरिकेत, तिची सकाळ म्हणजे यांची रात्र. काकू टॅब ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायच्या आणि स्वयंपाक आवरता आवरता बोलायच्या. राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत. टॅब जोडलेला २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, कारण तेच आत स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह चालतो, ब्लूटूथ चालतं, आणि वरच्या-खालच्या-शेजारच्या सगळ्या फ्लॅटचे राउटर बोलतात. एकमेकांत न घुसणारे चॅनल तिथे तीनच धरतात, १, ६ आणि ११, आणि रात्री नऊला बिल्डिंगमधलं प्रत्येक घर ऑनलाइन असतं. रेंजच्या कांड्या फुल दिसत होत्या ते खरंच होतं, पण कांड्या फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, त्या हवेत आणखी किती जण बोलतायत ते नाही. राउटर शोकेसच्या बाहेर काढला, बोलायला हॉलमध्ये बसायचं ठरवलं, टॅब ५ गिगाहर्ट्झवर टाकला (वायफायच्या नावापुढे ५जी लिहिलेलं असतं ना, ते, मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही) आणि आवाज सुधारला. नवीन प्लॅन घ्यावा लागला नाही.

दुसरं कारण अपलोड. घरातला कुणीतरी लग्नाहून आलेला असतो आणि त्याच्या फोनवरून पाचशे फोटो वर चढत असतात, तुमचा आवाज त्या फोटोंच्या मागे राउटरमध्ये अडकतो. अशा वेळी तुम्हाला तिकडचं स्वच्छ ऐकू येतं आणि तिकडचे म्हणत राहतात, आई तुझा आवाज कट होतोय. म्हणून मी सगळ्यांना आधी हेच विचारते की कुणाचा आवाज कुणाला तुटतोय, आणि मग गावातल्याच तिसऱ्या कुणाला तरी ॲपवरून कॉल लावून बघा म्हणते. तिथेही तसंच होत असेल तर बिघाड बहुतेक आपल्याच घरात.

आणि अमेरिकेच्या कॉलवर दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात, "हां, तू बोल", "नाही, तू बोल", तो काही बिघाड नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, पुणे ते कॅलिफोर्निया सरळ रेषेत तेराएक हजार किलोमीटर, म्हणजे नुसतं जायलाच ६५ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत थोडीच जाते. त्यात दोन्हीकडचं वायफाय धरा. एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर गप्पा सहज होतात असं आयटीयूचं, म्हणजे टेलिकॉमचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं म्हणणं, ती मर्यादा इथे लगेच गाठली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदीतल्या जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा तर ट्रॅफिक लांबच्या वाटेने फिरवावा लागला होता, म्हणजे उशीर आणखी.

मग साधा फोन कसा नीट लागतो, हा पुढचा प्रश्न असतोच. २०१६ ला जिओ आलं तेव्हापासून त्यांचा साधा कॉलही पॅकेटमधूनच जातो, पण व्होल्टीमध्ये (४जीवरच्या साध्या कॉलची पद्धत) आवाजाला नेटवर्क वेगळी जागा राखून ठेवतं. एकाच एसटीत एकाचं रिझर्व्हेशन आहे आणि दुसरा उभा, तसं. ॲपचा कॉल उभ्याने जातो, गर्दी नसेल तर उत्तम जातो.

तरीही मी ॲपचा कॉल सोडा असं म्हणणार नाही, पैशासाठी नाही फक्त. जुन्या पद्धतीची फोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेते, त्यात स, श, फ असली अक्षरं पुसट होतात, आणि आयएसडी कॉल बरेचदा अजून तसाच येतो. ॲप याच्या दुप्पट किंवा जास्त पट्टा नेतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा असतो. वय झालेली माणसं तीन-चारदा "काय?" विचारतात आणि मग काही न कळताही "बरं बरं, ठेवते" म्हणतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही. म्हणून आवाज अडखळायला लागला की पहिल्यांदा व्हिडिओ बंद करा. ब्लूटूथ इयरफोन काढून वायरचा लावून बघा, माइक चालू झाला की ब्लूटूथचा आवाज बरेचदा हलक्या दर्जावर उतरतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, मोबाइल डेटावर नेट कमजोर असेल तर तोही चालू करून बघा.

आणि आजीआजोबांना नुसता वायफायवरचा टॅब दिला असेल, तर जवळ एक सिमवाला साधा फोन चार्ज करून ठेवाच, कारण ११२ हा इमर्जन्सीचा नंबर व्हॉट्सॲपवरून लागत नाही.