कृष्णकमळाची वेल मारू नका, आवरा

शिवरात्र झाल्यावर आमच्या कृष्णकमळाची छाटणी केली आणि फोटो स्टेटसला टाकला तर चारपाच जणींचे मेसेज आले, एवढी भरलेली वेल कापली कशाला म्हणून. प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथंच लिहिते.

2019 च्या पावसाळ्यात बहिणीकडून वीतभर कटिंग आणलं होतं आणि सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, न्हाणीच्या मागे खोचलं, कारण तिथं बारमाही ओल असते. पहिलं वर्ष वेल नुसती जीव धरून होती. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र अशी सुटली की कुंपण झालं, लिंबाचं झाड झालं, मग घराचं छत. आमचं जुनं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. वेलीचा कोवळा शेंडा दोन कवेलूंच्या फटीत शिरतो तेव्हा सुतळीएवढा असतो, आत गेल्यावर तो जाड होतो आणि कवेलू उचलले जातात, हे आम्हाला कळलं ते आत देवघरात पाणी गळायला लागलं तेव्हा. त्यात माझी एक मोठी चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी घाईघाईत ओली वेल ओढली आणि तिच्यासोबत आठनऊ कवेलू खाली आले. वेल बुडाशी कापायची आणि आठ-दहा दिवस तशीच वाळू द्यायची, मग तुकडे तुकडे करून काढायची.

ही वेल एवढी घट्ट का धरते ते एकदा जवळून बघा. पानाच्या बगलेतून हिरवा तंतू निघतो, सरळ, हवेत चाचपडत असल्यासारखा. काडीला टेकला की तिच्याभोवती वेढे घालतो, आणि त्यानंतर मधला मोकळा भाग स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो, अर्धे वेढे एका दिशेनं आणि अर्धे उलट्या दिशेनं. म्हणून वारा-वावधानात वेल हलते पण तुटत नाही. वाळल्यावर तोच तंतू तारेसारखा कडक होतो, हातानं सुटत नाही, कात्रीच लागते.

छत गळायला लागलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "काहून ठेवली वं हे वेल, तणनाशक मार एकदाचं, मुळासकट जाईन." आणि खरं सांगते, मी औषध आणायला निघाले पण होते. सासूबाईंनी थांबवलं. "गोकुळाष्टमीले देवाले फूल पाहिजे ना बाई, मंग वेल मारून कसं चालन?" आमच्याकडे ते फूल म्हणजे अख्खं महाभारत आहे, भोवतीचे जांभळे तंतू शंभर कौरव, मधले पाच पुंकेसर पाच पांडव, वरचे तीन स्त्रीकेसर ब्रह्मा-विष्णू-महेश. वेल मूळची अमेरिका खंडातली, तिकडे स्पॅनिश मिशनऱ्यांना याच फुलात येशूच्या यातना दिसल्या होत्या, तंतूंमध्ये काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसरांत पाच जखमा, तीन स्त्रीकेसरांत खिळे, आणि पॅशन फ्लॉवर नाव त्यावरूनच पडलं. फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मिटलेलं बघून मला अजूनही हुरहूर लागते.

तर मग मारायची नाही असं ठरल्यावर दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मुळं कोंडली. आमची जांभळी जात जमिनीखालून मुळं पळवते आणि बारा-पंधरा फुटांवर फुटवा काढते, उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात ना, त्या भेगांतून सुद्धा कोंब वर आलेले पाहिलेत मी. म्हणून 200 लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घेतला, बुडाला भोकं पाडली, जमिनीत गाडला आणि काठ चार बोटं वर ठेवला, नाहीतर मुळं काठावरून बाहेर पळतात. आत नुसती काळी माती भरू नका, पावसात पाणी साचून मूळ सडतं. अर्धा मुरूम, बाकी माती नि कुजलेलं शेणखत. युरिया तर अजिबात नको, नुसता पाला माजतो आणि फूल येत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा बुडाशी सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरते आणि संध्याकाळी एक बादली पाणी, बस.

दुसरी गोष्ट छाटणी. फूल नेहमी नव्या फुटीवर येतं, जुन्या लाकडावर नाही, म्हणून शिवरात्रीच्या आसपास दोन-तीन जाड फांद्या कमरेएवढ्या ठेवून बाकी सगळं कापते. बघायला उजाड दिसतं, पण पाणी दिलं की फांद्यांचे डोळे फुटून कोंब येतात आणि पावसाळ्यात मांडव भरून फुलं. मांडव आता छतापासून चांगला लांब आहे, लाकडी बल्ल्यांचा. विजेच्या वायरकडे गेलेला शेंडा मात्र स्वतः ओढायचा नाही, लाइनमनला बोलावून लाइन बंद करूनच काढायचा.

पावसाळ्यात काटेरी केसांच्या तपकिरी अळ्या येतात आणि पाच-सहा दिवसांत पानं चाळण करून टाकतात. फवारणी करू नका प्लीज, त्यांचीच पुढे काळ्या ठिपक्यांची केशरी फुलपाखरं होतात, आणि वेल पंधरा-वीस दिवसांत परत पालवते. उलट तेवढीच वेलीची वाढ आटोक्यात राहते. छाटलेला पाला बकरीपुढे पण टाकू नका, पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, आम्ही तो खताच्या खड्ड्यात टाकतो.

ड्रमच्या आधीची जुनी मुळं मात्र न्हाणीच्या दगडाखाली अजून जिवंत आहेत. परवाच एक कोंब दगडाच्या सांधीतून वर आला होता, लालसर, दोन पानांचा. दगड उचलायला सब्बल (पहार) लागेल आणि न्हाणी उकरावी लागेल, म्हणून सध्या दर रविवारी खुरपीनं तो खुडते, पान मोठं व्हायच्या आत.