बाथमधले हरवलेले हातमोजे

मुलगा इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला असतो. तिथून बाथ हे शहर ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटांवर, त्यामुळे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या भिशीच्या बायकांनी निघण्याआधीच बजावलं होतं, बाथ चुकवू नकोस.

रोमन लोकांचं मोठं कुंड हिरवंगार दिसतं. त्यांच्या काळी वर छप्पर होतं. आता ते नाही, ऊन थेट पडतं, म्हणून शेवाळ धरतं. तळाला शिशाचे पत्रे मात्र अजून तेच. ४६ अंशांचं पाणी, रोज अकरा लाख लिटरच्या वर, आपोआप जमिनीतून येतंय आणि त्यात बोटसुद्धा बुडवायचं नाही! गोध्र्याजवळ तुव्याच्या गरम कुंडांवर मनसोक्त अंघोळ केलेल्या बाईला हे कसं पचावं? डुंबायचंच असेल तर २००६ साली सुरू झालेलं नवं स्पा आहे, वेगळं तिकीट काढून. वरच्या गच्चीतले रोमन सम्राटांचे पुतळेही एकोणिसाव्या शतकातले. फोटोसाठी गर्दी मात्र तिथेच.

मी रमले ते संग्रहालयातल्या शिशाच्या चिटुकल्या पत्र्यांपाशी. वस्तू चोरीला गेली की लोक सुलिस मिनर्व्हा देवीच्या नावे गाऱ्हाणं कोरायचे, पत्रा गुंडाळायचे आणि झऱ्यात टाकायचे. असे सुमारे १३० सापडलेत. डोकिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तर त्याचं मागणं काय? चोराची बुद्धी जावो आणि डोळेही जावोत! हातमोज्यांसाठी! काही पत्र्यांवर तर चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, कुणी सुटू नये अशी पक्की तजवीज. हे म्हणाले, "पोलीस चौकीत हेलपाटे घालण्यापेक्षा हे बरं."

कुंडाला लागूनच असलेल्या पंप रूम या उपाहारगृहात तेच झऱ्याचं पाणी प्यायला मिळतं. त्यात ४३ खनिजं आहेत म्हणे. कोमट, लोखंडी चवीचं. ह्यांनी एक घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला.

रॉयल क्रेसेंट ही बाथमधली घरांची प्रसिद्ध रांग १७६७ ते १७७४ मध्ये बांधली, वास्तुकार धाकट्या जॉन वुडने. अर्धगोलात ३० घरं, समोरून सगळी एकसारखी. पण दर्शनी भिंत तेवढी वुडची. मागचं घर ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधून घेतलं. म्हणून मागच्या बाजूला कुणाची भिंत पुढे आलेली, कुणाची खिडकी वर, कुणाची खाली. "आई, गल्लीत काय बघतेयस?" मुलगा वैतागला. तुम्ही गेलात तर मुलांना समोरच्या हिरवळीवर फोटो काढत बसू दे आणि मागून एक चक्कर माराच.