उद्याविषयी विचारताना

माझ्या पिढीपर्यंत महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे; पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. दहावीत पोहोचेपर्यंत आम्हाला इंग्रजी विधाने बऱ्यापैकी लिहिता येऊ लागली होती, पण प्रश्न विचारण्याची वेळ आली की वर्ग गप्प होई. शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लिहिण्याची संधी मिळाली आहे, तर आमच्या इंग्रजीच्या बाईंनी अत्यंत निष्ठेने शिकवलेल्या एकाच घटकाविषयी लिहावे असे वाटते: दुसऱ्याचे पुढचे बेत इंग्रजीतून कसे विचारावेत.

अधोरेखित भाग उत्तर म्हणून मिळेल असा प्रश्न तयार करा, हा बोर्डाच्या परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. ‘दे विल व्हिजिट रायगड इन डिसेंबर’ याचे ‘व्हेन विल दे व्हिजिट रायगड?’ करून दाखवले की गुण मिळत. बाईंनी ही तयारी करून घेतलीच, परंतु त्याआधी आपली मुले नेमकी कुठे अडतात हे त्यांनी आम्हाला समजावून दिले. ‘तू उद्या येणार आहेस’ या वाक्याला शेवटी ‘का’ जोडला की मराठीत प्रश्न तयार होतो आणि ‘उद्या’च्या जागी ‘कधी’ बसवला तरी तयार होतो. बाकीचे शब्द आपापल्या जागी राहतात. हीच सवय इंग्रजीत उतरते आणि ‘व्हेन यू आर कमिंग?’ असे वाक्य तयार होते. बाई फळ्यावरचा ‘आर’ पुसून ‘यू’च्या आधी लिहीत आणि तेवढा बदल वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेत. ‘हू इज गोइंग टु सिंग?’ यात मात्र कर्ताच विचारलेला असल्यामुळे अदलाबदल करावी लागत नाही, हे त्या एका वाक्यात सांगून पुढे जात.

त्यांचा खरा भर होता तो क्रियापदाच्या निवडीवर. इंग्रजीत भविष्यासाठी एकच ठरलेले रूप नाही, तेव्हा प्रश्न विचारण्याआधी समोरच्याचा बेत कुठवर आला आहे याचा अंदाज घ्या, असे त्या सांगत. मनात ठरले असेल तर ‘व्हेअर आर यू गोइंग टु स्टे?’, उतरण्याची व्यवस्था झाली असेल तर ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’, आणि एस.टी.च्या वेळापत्रकाविषयी विचारायचे असेल तर साधा वर्तमानकाळ, ‘व्हॉट टाइम डज द बस लीव्ह?’. आपणही ‘बस किती वाजता सुटते?’ असेच विचारतो, त्यामुळे हा शेवटचा प्रकार आम्हाला सहज पटला. पहिल्या दोहोंतला फरक मात्र वेगळा शिकावा लागला, कारण मराठीत ‘कुठे राहणार आहेस?’ या एकाच प्रश्नात दोन्ही अर्थ मावतात.

हा सराव बाई जोड्या लावून करून घेत. बाकावरच्या शेजारणीला तिच्या सुटीविषयी विचारायचे आणि तिने खरे तेच उत्तर द्यायचे, असा नियम होता. कारण बेत खरा असल्याशिवाय कोणते रूप वापरायचे हे कळणारच कसे? एकदा एका मुलीला ‘व्हॉट आर यू गोइंग टु डू आफ्टर टेन्थ?’ असे विचारल्यावर ती काहीच बोलेना. तिच्या घरी तिच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि तिचा स्वतःचा असा काही बेतच नव्हता. बाईंनी तिला उत्तर देण्याचा आग्रह केला नाही. जिथे बेत ठरवण्याची मुभाच मिळालेली नाही तिथे हा प्रश्न लागू पडत नाही, असे सांगून त्यांनी फळ्यावर ‘व्हॉट वुड यू लाइक टु डू?’ असे लिहिले आणि तोच प्रश्न वर्गातल्या प्रत्येक मुलीला विचारला. आमच्यापैकी अनेकींना तो त्याआधी कोणत्याही भाषेत विचारला गेला नव्हता.

‘शॅल’ आणि ‘विल’ यांचे पुरुषानुसार नियम त्या काळच्या व्याकरणांत असत आणि ते आम्ही पाठ केले. माझ्या मते त्याहून मोलाचे होते ते बाईंनी सांगितलेले पुढचे बारकावे. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ यात समोरच्याची इच्छा विचारलेली असते. ‘विल यू कम टुमॉरो?’ ही पुष्कळदा विनंती ठरते आणि ऐकणाऱ्याला होकार देणे भाग पडते. ‘विल यू बी कमिंग टुमॉरो?’ असे विचारले तर त्याचे जे ठरले असेल तेवढेच कळते आणि त्याच्यावर कसलाही भार पडत नाही. वडीलधाऱ्यांशी बोलताना हे दुसरे रूप वापरा, असा बाईंचा आग्रह असे.

पुढे मी पुण्यात एका निर्यात कंपनीत मालाच्या रवानगीचे काम पाहू लागले, तेव्हा हा भेद रोजच उपयोगी पडू लागला. ‘व्हेन आर यू गोइंग टु पे?’ हे परदेशी ग्राहकाला तगाद्यासारखे लागू शकते, तर ‘व्हेन विल यू बी मेकिंग द पेमेंट?’ या प्रश्नाला तो शांतपणे तारीख कळवतो. पत्रात मी बहुधा आणखी सौम्य रचना वापरते, ‘प्लीज लेट अस नो व्हेन यू विल बी मेकिंग द पेमेंट’. इथे प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेल्यामुळे ‘विल’ पुन्हा ‘यू’च्या मागे येतो. नव्याने रुजू होणारी मुले तो हमखास पुढे ठेवतात, आणि मग मी त्यांना बाईंच्याच पद्धतीने शब्द पुसून दुसऱ्या जागी लिहून दाखवते.