नॅसवर 2019 ची लग्नं

अल्बम छापणाऱ्या एका स्टुडिओचं नेटवर्क मी सांभाळतो. ऐन लग्नसराईत, दुपारी पावणेदोनला डिझायनर पोरांची ओरड सुरू झाली. फोटो उघडेनात, कर्सर नुसता गरगरतोय. संध्याकाळी तीन अल्बम छपाईला जायचे होते.

कुणीतरी मोबाइलवर सिनेमा उतरवत असणार, असं ठरवून मी आधी वायफायच बंद केलं. पोरं वैतागली, फरक काडीचा पडला नाही.

मग नॅसवर, म्हणजे सगळ्यांचे फोटो जिथे साठतात त्या सामायिक स्टोरेजवर, आयएफटॉप हे लाइनवरची रहदारी दाखवणारं साधन लावलं. गिगाबिट लाइनवर मोठी फाइल सेकंदाला 110 एमबीच्या आसपास जाते, म्हणजे 900 मेगाबिटच्या घरात. इथे जेमतेम 30 मेगाबिट दिसत होते. रस्ता मोकळा, तरी गाडी हलेना! डिस्क किती राबतायत ते दाखवणारं आयओस्टॅट बघितलं तेव्हा कळलं, चारही डिस्क 100 टक्के बिझी. 7200 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला एका फेरीला 8.3 मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या बारक्या फाइली मागितल्या की ती सेकंदाला शंभरेक मागण्या पुरवते, त्यापुढे दमते. पोतं उचलणं वेगळं आणि सांडलेले तांदूळ वेचणं वेगळं. बाइट मोजणाऱ्या ग्राफला हे वेचणं दिसतच नाही.

एसएमबीस्टेटसची यादी काढली, म्हणजे नॅसवरच्या कुठल्या फाइली कोण उघडतंय ते बघितलं. दर वेळी नवीन नावं: 2019 मधलं एक लग्न, मग कुणाची मुंज, मग डोहाळजेवणाचे प्रीव्ह्यू. इतके जुने अल्बम भर सीझनमध्ये कोण चाळतंय? युजरच्या रकान्यात सगळीकडे एकच लॉगिन, कारण आळसापोटी मीच सगळ्यांना एक पासवर्ड देऊन ठेवलेला. शेवटी पीआयडीवरून (यादीतल्या प्रोसेस क्रमांकावरून) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, शोधला. निघाला अकाउंटच्या काकूंचा पीसी.

काकू डबा खायला गेल्या होत्या. स्क्रीन काळी, पण केबलजवळचा दिवा अखंड लुकलुकत होता. माउस हलवला तर अँटिव्हायरसचं फुल स्कॅन, झेड ड्राइव्हसकट (पीसीवर नॅस याच नावाने दिसतं), दीड वाजता सुरू झालेलं. मागच्याच आठवड्यात तो पीसी मी बसवला होता. जेवणाच्या सुट्टीत कुणाला त्रास नको म्हणून दीडची वेळही मीच लावलेली. फक्त नेटवर्क ड्राइव्हवरची टिक काढायची राहिली होती.

स्कॅन थांबवलं, टिक काढली. दोन मिनिटांत फोटो उघडायला लागले. मी गुपचूप बॅग आवरत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, आता वायफाय चालू करताय ना?"