बुरशी काढायचे साडेतीन लाख

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल. आमच्या ह्यूस्टनच्या घरातली एक भिंत आणि तिच्या डोक्यावरचा सिलिंगचा तुकडा, एवढ्यावरची बुरशी काढायला 3,850 डॉलर गेले. रुपयांत साडेतीन लाखांच्या घरात. भिंत परत बांधून रंगवायचं बिल वेगळं, ते यात धरलेलंच नाही.

दादाला फोनवर सांगितलं तर तो चिपळूणहून म्हणाला, "अगं, एवढ्यात इथे अख्ख्या घराला बाहेरून रंग होईल, वर गच्चीचं वॉटरप्रूफिंग होईल. बुरशीला काय करायचं असतं? फडकं मार आणि पंखा लाव."

कोकणात वाढलेल्या माणसाला बुरशीची भीती घालण्यात अर्थ नसतोच. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी भुरी धरते, मागच्या भिंतीला काळपट ओल चढते, आणि गणपतीच्या आधी सगळं झाडूनपुसून, चुना मारून आपण मोकळे. ह्यूस्टनला वर्षभरात साधारण 50 इंच पाऊस पडतो. तिकडे तेवढा एकट्या जुलैत पडू शकतो. मग इथे एवढा बाऊ कशाचा, हे मलाही बिल हातात येईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

इथली भिंत म्हणजे बुरशीचं जेवण आहे. लाकडी फळ्यांचा सांगाडा आणि त्याला दोन्ही बाजूंनी ठोकलेले जिप्समचे पत्रे. इथे त्याला शीटरॉक म्हणतात. या पत्र्याच्या पुढेमागे कागद चिकटवलेला असतो. कागद, लाकूड, आत कोंडलेली हवा, आणि बाहेर ह्यूस्टनची दमट गरमी. यात फक्त पाणी पडायची खोटी. ओल लागली की एक-दोन दिवसांत भिंत वाळवा, नाहीतर बुरशी धरेल, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. आणि एकदा कागदात शिरली की ती पुसून जात नाही. ब्लीच टाकून वरचा डाग फिका होतो, आतली ओल तशीच राहते. म्हणून पुसत नाहीत, भिंत कापतात.

आमच्याकडे पाणी आलं एसीचं. टेक्ससमधल्या बऱ्याच घरांत एसीचं मोठं धूड माळ्यावर, छपराखाली बसवलेलं असतं. उन्हाळ्यात ते हवेतली वाफ ओढून दिवसाला कित्येक गॅलन पाणी गाळतं. ते एका बारीक पाइपातून बाहेर जातं. त्या पाइपात शेवाळ साचलं की पाणी खालच्या ट्रेमध्ये, ट्रे गंजलेला असला की सिलिंगमध्ये, आणि तिथून भिंतीच्या पोटात. आता हे लिहिणं भाग आहे, कारण घरच्या ग्रूपवर "लक्ष नव्हतं का?" असं एकीने विचारलंच: एसीची तपासणी आम्ही वसंतातच पैसे देऊन करून घेतली होती. तपासणाऱ्याने कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या होत्या. ट्रेसमोरही.

बाहेरून दिसत काय होतं? पाहुण्यांच्या खोलीत तळहाताएवढा खाकी डाग आणि कुबट वास. कापल्यावर त्याच पत्र्याची मागची बाजू पाहिली. काळ्या मखमलीचं अस्तर लावावं तशी बुरशी जमिनीपासून छातीपर्यंत चढलेली, आणि पुढच्या बाजूला आमचा फिकट पिवळा रंग जसाच्या तसा. खिळ्यांची डोकी तेवढी गंजून तांबडी झालेली. माझा नवरा हे बघून बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "काकू याच खोलीत झोपल्या होत्या ना?" काकूंना दमा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं हे लिहायला बसले. टेक्ससमध्ये सलग 25 चौरस फुटांपेक्षा कमी बुरशी असेल तर ती काढायला परवानाधारकच हवा असं नाही. त्याच्यावर गेली आणि तुम्ही पैसे देऊन कोणाला बोलावलंत की परवाना लागतो. आणि परवाने दोन वेगळे आहेत. एकाचं काम तपासायचं, दुसऱ्याचं काढायचं. एकाच कामावर दोन्ही एकानेच करायला कायद्याने बंदी. जो "तुमच्या घरात बुरशी आहे" असं सांगतो, त्याला ती काढायचे पैसे मिळत नाहीत. तो ओल मोजतो, हवेचे नमुने घेतो, आणि कुठून कुठपर्यंत कापायचं, कसं झाकायचं हे लिहून देतो. त्या कागदाबरहुकूम दुसरा काम करतो. काम झालं की पहिलाच परत येऊन बघतो आणि त्याने पास केलं तरच ठरलेल्या नमुन्यातलं सरकारी प्रमाणपत्र मिळतं.

मला हा नियम इतका आवडला की मी तो दादाला दोनदा सांगितला. विचार करा, आपल्याकडे "गच्ची गळतेय" म्हणून बघायला कोण येतो? ज्याच्याकडे वॉटरप्रूफिंगचे डबे आहेत तोच. तो बघतो, मान हलवतो, "वहिनी, पूर्ण करावं लागेल" म्हणतो, करतो, आणि पुढच्या पावसात परत गळलं की फोन उचलत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून गळती असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन्ही घरं आपापला प्लंबर साक्षीला आणतात. त्रयस्थ माणूस कुठेच नाही. दादा म्हणाला, "म्हणजे बघायला येणाऱ्यालाही पैसे द्यायचे, आणि परत बघायला यायचेही?" हो, द्यायचे. पहिल्या तपासणीचे 600, शेवटच्या तपासणीचे 350. मला ते जड गेले नाहीत. म्हणजे गेले, पण दादाला तसं सांगितलं नाही.

जड गेले ते मधले 2,900. त्यात औषधाचे पैसे नाममात्र. सगळी किंमत मजुरीची आणि झाकाझाकीची. खोलीच्या दाराला जाड प्लास्टिकचा पडदा, त्याला चेन. आतली हवा गाळून बाहेर फेकणारं यंत्र, म्हणजे खोलीतला दाब कमी राहतो आणि बुरशीची बीजं उरलेल्या घरात शिरत नाहीत. पांढऱ्या अंगरख्यातली, तोंडाला मास्क लावलेली माणसं. कापलेले तुकडे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून बाहेर. मग लाकडी सांगाडा घासायचा, व्हॅक्यूम करायचा, वाळवायची यंत्रं लावायची. ती यंत्रं रात्रंदिवस घोंघावतात आणि त्यांचं भाडं दिवसावर असतं. घरात साधं बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं.

प्रयोगशाळेचा अहवाल हा एक वेगळाच प्रकार. हवेत बुरशीची बीजं किती असली तर चालतात याची अमेरिकेत केंद्र सरकारने मर्यादाच घातलेली नाही. म्हणून तपासनीस घराबाहेरही नमुना घेतो आणि आतलं-बाहेरचं ताडून बघतो. आमच्या अंगणात एका जातीची बीजं आतल्यापेक्षा जास्त निघाली. म्हणजे ह्यूस्टनची ताजी हवा.

विम्याचं विचाराल तर तिथेही इतिहास आहे. ऑस्टिनजवळच्या ड्रिपिंग स्प्रिंग्जमध्ये एका मोठ्या घराला बुरशी लागली, विमा कंपनीने टाळाटाळ केली म्हणून खटला झाला आणि 2001 मध्ये ज्यूरीने सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर द्यायला सांगितले. पुढे अपिलात ती रक्कम 40 लाखांच्या आसपास आली, पण तोवर टेक्ससमध्ये बुरशीच्या दाव्यांचा पूर आला होता. विमा कंपन्यांनी पॉलिसीतून बुरशी जवळजवळ काढूनच टाकली, आणि परवान्यांचा कायदा 2003 मध्ये आला. वरून इथे नुकसानीतला जो पहिला हिस्सा आपल्या खिशातून भरायचा असतो, तोही घराच्या विमा रकमेच्या एक-दोन टक्के असतो. आमचा तो या बिलापेक्षा मोठा निघाला. दावा करून फक्त पुढचा हप्ता वाढला असता. तेव्हा "विमा नव्हता का?" या प्रश्नाचं उत्तर: होता, आहे, आणि त्याचे हप्ते नियमित चालू आहेत.

दादाची बाजूही मांडते, नाहीतर तो हे वाचून फोन करेल. जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी त्याच्या घरात शिरलं. त्याने चिखल उपसला, पाइप लावून भिंती धुतल्या, दारंखिडक्या उघड्या ठेवल्या. फर्निचर गेलं, फ्रिज गेला, पण जांभ्याची भिंत जागेवर होती. इथे 2017 ला हार्वी वादळ आलं तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर होतो. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली घरांसमोर ढीग लागलेले पाहिले. सामानाचे आणि त्याबरोबर भिंतींचेही. लोकांनी छातीएवढ्या उंचीपर्यंत सगळी घरं कापून काढली होती. तेव्हा मला वाटलं होतं, एवढा पैसा असलेला देश आणि घरं पुठ्ठ्याची. आता त्याच पुठ्ठ्याचे हप्ते भरतेय. पण उन्हाळ्यात आत थंडावा राहतो, भिंत कापून नवी तार टाकायची तर अर्ध्या दिवसाचं काम, हेही खरं. जांभ्यात एक खिळा ठोकायला दादा ड्रिलवाल्याची वाट बघतो.

तुमची मुलं इकडे टेक्ससमध्ये घर बघत असतील तर त्यांना एवढं सांगा. मागच्या पाच वर्षांत बुरशीचं काम झालं असेल तर त्याची प्रमाणपत्रं विकणाऱ्याने घेणाऱ्याला द्यावी लागतात. ती मागून घ्या. स्वयंपाकघराचं ग्रॅनाइट नंतर बघा, आधी शिडी लावून माळ्यावर चढा आणि टॉर्च मारून एसीखालचा ट्रे बघा. गंज असेल तर किंमत पाडून मागा. आणि राहायला गेल्यावर त्या ड्रेनच्या पाइपात दर महिन्याला कपभर व्हिनेगर ओतायचं, म्हणजे शेवाळ धरत नाही. व्हिनेगरची मोठी बाटली चार डॉलरला मिळते.