कांगारूंच्या पावलांची मालिका: प्रोकॉप्टोडॉनचा पाय उभा राहिला

कांगारूंच्या मागच्या पायांची मॉडेलं मी बनवतोय. त्यातली मस्की रॅट-कांगारू (कांगारूंचा एक छोटा नातेवाईक) आणि लाल कांगारू, ही दोन्ही पावलं आता पूर्ण आहेत. शेजारी ठेवून बघायला फार मजा येते. पहिल्याच्या मागच्या पायाला अजून पाचही बोटं आहेत आणि तो चारही पायांवर पळतो. लाल कांगारूचा अंगठा गेलाय, चौथं बोट लांबलचक झालंय आणि दुसरं-तिसरं एकाच कातडीत गुंडाळलेली बारीक जोडी आहे. ती अंगावरचे केस विंचरायला.

सध्या हातात आहे प्रोकॉप्टोडॉन गोलिया, हा नामशेष झालेला महाकाय कांगारू. उंची सुमारे २ मीटर, वजन २३० किलोच्या आसपास आणि मागच्या पायाला कामाचं बोट एकच, चौथं! त्याची नखी खुरासारखी जाड. एपॉक्सी पुट्टीत सगळ्यात जास्त वेळ घोट्यानं खाल्ला. नडगीच्या हाडाला खालच्या टोकाशी एक कड असते, ती घोटा बाजूला लचकू देत नाही. ती कड नीट उठल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरवलं होतं.

पोझ उडीची नाही, चालण्याची घेतली आहे. जीवाश्मतज्ज्ञ क्रिस्टीन जॅनिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलं, की प्रोकॉप्टोडॉनसारखे आखूड तोंडाचे कांगारू, म्हणजे स्थेन्युरिन, एकेक पाऊल टाकत दोन पायांवर चालत असावेत. रुंद कंबर, नितंबाच्या मोठ्या स्नायूंना भरपूर जागा, भक्कम गुडघे: एका पायावर सगळा भार पेलायची ही तयारी मला पटते. म्हणून डावा पाय टेकलेला, उजवा उचललेला.

खालच्या प्लायवर वंशवृक्ष रंगवतोय. टास्मानियातल्या गुहांमधल्या हाडांचा डीएनए २०१५ मध्ये वाचला गेला आणि कांगारू कुळाच्या तीन फांद्या ठरल्या: स्थेन्युरिन, एकटी बँडेड हेअर-वॉलबी आणि बाकी सगळे. प्रोटेम्नोडॉन हा नामशेष दांडगा या तिसऱ्या फांदीवर, आजच्या मोठ्या कांगारूंच्या अगदी जवळ बसतो. म्हणजे प्रोकॉप्टोडॉनपेक्षा लाल कांगारूच त्याचा सख्खा!

पुढचं पाऊल प्रोटेम्नोडॉनचंच. २०२४ मध्ये त्याच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या, त्यातली व्हायेटर मी निवडली आहे. तिच्या टाचेच्या हाडाचे बाजूने काढलेले, मोजपट्टीसह फोटो कुणाकडे असतील तर जरूर पाठवा. तार वाकवण्याआधी लांबी पक्की करायची आहे.