राजापूरकडचं कौलारू घर

आज राजापूरजवळ एक जुनं घर बघून आलो. घ्यायचं, नीट करायचं आणि विकायचं, असा विचार. ओटीवरच्या फणसाच्या खांबाला हात लावला आणि मन तिथेच अडकलं. इतक्या वर्षांनीही गुळगुळीत! चिऱ्याच्या भिंतीही भक्कम. पण माजघरात वर पाहिलं तर वाशांना वाळवी. सुताराने पटाशीचं टोक टेकवलं, ते भुसभुशीत मातीत जावं तसं आत गेलं. "दादा, अख्खं छप्पर उतरवावं लागेल." कौलं बरीच वाचतील, वासे-रिपा मात्र नव्या.

खरी अडचण कागदांची. सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातली दोन माणसं हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. सगळ्यांच्या सह्यांशिवाय खरेदीखत म्हणजे उद्याचा कोर्टाचा दावा. शिवाय घेतल्यापासून 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन धरतात, कर आपल्या उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे. म्हणजे घाईत विकण्यात फारसा अर्थ नाही.

विसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, दिला नाही. निघताना घरच्या काकू म्हणाल्या, "घेतलंत तर तुळशीवृंदावन तेवढं पाडू नका हो." नाही पाडणार. वारसनोंद झाली की पुन्हा जाईन. तोवर पावसाआधी माजघरावर ताडपत्री घालून देतो, असं त्यांना सांगून आलोय.